येते

काकू त्या परक्या देशात गेल्या त्या चाळिशी उलटल्यावर. तिथली भाषा त्यांनी कामापुरती शिकून घेतली. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, दाढ्या करायच्या, चादरी बदलायच्या. त्याला फार शब्द लागत नाहीत. बाकीचं त्या आधी मनात मराठीत बोलत आणि मग शब्दाला शब्द ठेवत.

कोपऱ्यातल्या खोलीतल्या म्हाताऱ्याचं नाव त्यांनी मनातल्या मनात सुभेदार ठेवलं होतं. अर्धं अंग लुळं, पण जीभ शाबूत. "तुम्ही लोक आलात आणि आमच्या पोरांची कामं गेली. परत जा आपल्या देशात," हे रोज दाढी करताना ऐकायचं. काकू या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देत. संध्याकाळी दारातून त्याच्याच भाषेत म्हणत, "येते हं."

एके दिवशी मुख्य नर्सबाईंनी बोलावून घेतलं.

"तुम्ही त्यांना धमकावता अशी तक्रार आहे. ते म्हणतात, मी 'जा' म्हणतो आणि ही दारात उभी राहून 'येते' म्हणते. तुम्ही तोंडावर उशी दाबायला याल या भीतीने त्यांना झोप लागत नाही."

काकूंना हसू फुटलं. पण नर्सबाई हसत नव्हत्या. नोकरी गेली तर त्या देशातला मुक्कामही संपणार होता, आणि लेकीचं शिक्षण अर्ध्यावर होतं.

"अहो बाई, आमच्यात निघताना 'जाते' नाही म्हणत. जाते म्हणजे..." शब्द सापडेना. काकूंनी बोट वर आभाळाकडे केलं.

नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. त्या काकूंना घेऊन तशाच कोपऱ्यातल्या खोलीत गेल्या आणि सुभेदाराला सगळं उलगडून सांगितलं.

म्हाताऱ्याने मान काकूंकडे वळवली. "हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

"म्हणजे मी मरू नये म्हणून?"

"तुम्हीही आणि मीही. मला लेकीचं लग्न बघायचंय."

त्याच्या ओठाचा धड असलेला कोपरा किंचित हलला. लगेच कपाळाला आठी पडली. "तरी तुम्ही लोक फार झालात इथे."

"झालोय खरं," काकू म्हणाल्या.

"तुम्हाला दुसरी बाई देऊ का?" नर्सबाईंनी म्हाताऱ्याला विचारलं.

"नको. दुसरीच्या हातून कापतं."

तक्रार तिथेच मिटली. काकूंच्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी गालाला साबण लागला आणि सुभेदाराने "परत जा" सुरू केलं. काकूंनी हूं हूं केलं. मध्येच तो थांबला.

"तिकडे कोण आहे तुझं?"

"आई."

"मग तिकडून निघताना तिला काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? येते."

"आणि? गेलीस का कधी?"

काकूंनी वस्तरा पाण्यात बुडवला, फडक्याला पुसला, पुन्हा बुडवला.

"मान हलवू नका," त्या म्हणाल्या.