टोपलीच्या तळाचा मका

एर्मेलिंदाने टोपलीत आधी दुकानातला मका ओतला, त्यावर घरचा पसरला आणि मागे सरून बघितलं. दिसत होतं तर ठीकच.

घरचा म्हणजे चुलीच्या धुरात टांगलेली शेवटची कणसं सोलून निघाले तेवढे दाणे. निळे, तांबडे, मधूनच एखादा पांढरा. कसाबसा एक थर झाला. खालचा मका मात्र एकजात पांढरा, रुंद, शाळेच्या कवायतीला उभा केल्यासारखा. तो उत्तरेचा. सरकारने वरच्या देशाशी करार केला, सीमेवरचा कर उठला, तेव्हापासून हा मका आगगाड्या भरभरून खाली येऊ लागला. इतका स्वस्त, की इकडे ओआहाकाच्या डोंगरात नांगर धरणाऱ्याची मजुरीसुद्धा सुटेना. "आता मका पेरायचा म्हणजे श्रीमंतांची हौस," असं म्हणून तिचा नवरा फिदेन्सिओ उत्तरेला गेला आणि तिथे धान्याच्या कोठारावर गाडीचे डबे भरायला लागला. तो तिकडे भरायचा, ही इकडे विकत आणायची. संसार चालला होता म्हणायचा.

आणि आईकडून आणलेलं बी? ते तिने खाल्लं होतं. हे फिदेन्सिओलाही ठाऊक नव्हतं. गेल्या पावसाळ्यात दरड कोसळून रस्ता बंद झाला, दुकान रिकामं पडलं, आणि एका दुपारी तिने मडक्यातलं बी चुन्याच्या पाण्यात शिजवून, वाटून तोर्तिया, मक्याच्या पातळ भाकऱ्या, केल्या. लेक म्हणाली, "आई, आज काय वास सुटलाय गं!"

"खा गुमान," एर्मेलिंदा म्हणाली.

आज कांदेलारियाचा सण. या दिवशी गावातलं प्रत्येक घर बियाण्याची टोपली चर्चमध्ये नेतं. पाद्री पाणी शिंपडतो, आणि मग बाया एकमेकींच्या टोपलीच्या तळातून मूठ मूठ बी घेतात. वरचं देवाचं, तळातलं शेजारणीचं. मूठ उघडून बघायची नाही, तशीच शालीच्या टोकाला बांधायची. दिलेलं बी तपासणं म्हणजे देणारीच्या तोंडावर थुंकणं. निम्मं गाव उत्तरेला गेल्यापासून हा रिवाज सैल पडला होता. पाणी शिंपडलं की ज्याची टोपली त्याच्या घरी. एर्मेलिंदाची सगळी भिस्त त्यावर होती. टोपलीच न नेणं तर शक्य नव्हतं. टोपली नसलेलं घर म्हणजे उठलेलं घर.

पाद्रीबाबांनी घाईघाईत पाणी शिंपडलं. बाया टोपल्या उचलणार तोच एऊलालिया उभी राहिली. एर्मेलिंदाच्या लेकीची ही धर्मआई. त्या नात्याने दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत.

"अगं, पळता कुठं? चुलीवर शिजत ठेवलेले तमालेस काही पाय फुटून जात नाहीत. यंदा मुठी घ्यायच्या. जेवढ्या उरलोय तेवढ्यांनी."

"राहू दे ना कोमाद्रे, उन्हं चढली," एर्मेलिंदा म्हणाली.

"का? तुझं बी लाजतंय की काय?"

सगळ्या हसल्या. एर्मेलिंदाही हसली. एऊलालियाचा हात कोपरापर्यंत टोपलीत गेला, मिटून बाहेर आला आणि शालीत शिरला. मागून बासिलिसा आली. तिची जीभ गावात कुणाला सोडत नसे. "हिच्या आईच्या मक्याला तोड नाही बाई. मी आपली दोन मुठी घेणार!" आणि घेतल्याही.

बोलायची वेळ तीच होती. एर्मेलिंदाने पुढे होऊन बासिलिसाच्या टोपलीतून आपली मूठ घेतली आणि शालीच्या टोकाला बांधली.

घरी येऊन तिने आपल्या शालीची गाठ सोडली. बासिलिसाने दिलेले तांबडे दाणे कणसाच्या मधल्या भागातून निवडलेले होते, एकही फुटका नाही. दुकानातला मका एका पावसाला जोमाने येतो, दुसऱ्याला खुरटतो, आणि वारा सुटला की त्याच्या तुऱ्याची धूळ शेजारच्या कणसांत शिरते. म्हणजे बासिलिसाचं बीही गेलं. तिच्या शेजारचंही.

सकाळी ती एऊलालियाच्या अंगणात उभी राहिली.

"कोमाद्रे, कालची मूठ परत दे."

"दिलेलं बी परत मागतात होय?"

"ते बी नाही. दुकानातला मका आहे." मग तिने मान खाली घातली. "घरचं आम्ही खाल्लं."

एऊलालिया शेंगा सोलत राहिली. मग हनुवटीनेच कोंबड्या दाखवल्या. "त्यांना टाकला. कालच."

"म्हणजे उघडून बघितलंस?"

"बघायचं नसतं, हे तू मला शिकवणार? हाताला लागलं. सगळे दाणे एका साच्यातले."

"मग बोलली का नाहीस?"

"चारचौघीत? तू बोलशील म्हणून थांबले."

"आणि मी आलेच नसते तर?"

"तर पुन्हा तुझ्या टोपलीत हात घातला नसता." एऊलालियाने सोललेल्या शेंगा बाजूला सारल्या. "माझ्याकडचं बी देईन तुला. पण आधी बासिलिसाकडे जा."

"ती गावभर करील गं."

"करीलच. नाही केलं तर आजारी पडेल."

"तू येतेस सोबत?"

"मी कशाला? मी काय खाल्लंय?"

बासिलिसा दारातच बसली होती, पुढ्यात पाण्याचं मडकं घेऊन. "ये, ये! तुझंच बी भिजवलंय बघ. नदीकाठी ओल आहे, तिथे लवकर लावते." तिने मडक्यात डोकावलं. "पण काय गं, तुझ्या आईचं बी इतकं पांढरं नव्हतं ना?"

"नव्हतं," एर्मेलिंदा म्हणाली.

ती गुडघ्यांवर बसली, मडक्यात हात घातला आणि फुगलेले दाणे काढून आपल्या ओच्यात टाकू लागली. बासिलिसा आता तोंड सोडील, मग सोडील, म्हणून तिने खांदे आवळून धरले होते. पण बासिलिसाने मडकं जरासं तिरकं करून धरलं, तळातले दाणे हाताशी यावेत म्हणून. एर्मेलिंदाला वर बघवेना.