मानेखालचा फोटो

जेवणाच्या सुट्टीत यू-शेंग डबा घेऊन ऑफिसच्या जिन्यात बसायचा. त्याची आई व्हिएतनामची, लग्न करून तैवानात काओश्युंगला आलेली. तिच्या डब्याला मासळीच्या सॉसचा वास यायचा आणि सहकाऱ्यांनी नाकं मुरडलेली त्याला सोसत नसत. रंगारूपानं तो आईवरच गेला होता. म्हणून पुरुषांनी पुरुष शोधायच्या त्या ॲपवर त्यानं मानेखालचा फोटो लावला होता आणि खाली लिहिलं होतं, 'आग्नेय आशियाई नकोत. राग नसावा, आपापली आवड.' असं लिहिलं की आपल्याबद्दल कुणाला शंका यायची नाही, अशी त्याची हुशारी.

तिथेच त्याला शेजारच्या तायनान शहरातला एक जण भेटला. नाव लावलं होतं 'आंबट मनुका'. चेहरा त्यानंही झाकलेला. पण तो रोज हसवायचा, घरी पोचलास का म्हणून विचारायचा, आणि यू-शेंगचा जीव त्याच्यात पुरता अडकला होता. शनिवारी ते पहिल्यांदा भेटणार होते.

जिन्यात फोन वाजला. मनुकेचा निरोप होता. 'तुझी ती ओळ मला पटली. मीपण तशीच लावली. कटकट मिटली.'

यू-शेंगनं त्याचं पान उघडलं. स्वतः यू-शेंगचेच शब्द तिथे होते, जसेच्या तसे. ज्या दारातून आत जायची इतकी ओढ, त्याला कुलूप त्यानंच लावून दिलं होतं!

"तोंड का उतरलंय रे?" वरून गुओ काका उतरत होते. ऑफिसातले सगळ्यात जुने. पुरुषानं पुरुषाशी लग्न करायला परवानगी देणारा कायदा झाला त्याच वर्षी त्यांनी आपल्या जोडीदाराशी लग्न केलं होतं. यू-शेंगनं त्यांच्यापुढे फोन धरला.

काकांनी वाचलं आणि शेजारी बसले. "चेहरे आम्हीपण लपवायचो. पोलीस घरी कळवतील, नोकरी जाईल, ही भीती. त्या अंधारानं आम्हाला सांभाळलं, बाबा. तू तिथेच बसून लोकांना दगड मारतोयस."

"सगळेच लिहितात, काका. ज्याची त्याची आवड."

"मग ठेव ना मनात. दारावर पाटी कशाला? उद्या आईनं वाचलं तर तिलापण आवड म्हणूनच सांगशील?" त्यांनी डब्यातला एक रोल उचलून तोंडात टाकला. "अन् असलं खायला जिन्यात लपतोस? कमाल आहे तुझी."

यू-शेंगला रडू आलं. त्यानं ती ओळ पुसली. मग आई रोल विकायची त्या गाड्यावर तिच्याशेजारी उभा असलेला स्वतःचा फोटो मनुकेला पाठवला. 'हा मी आणि ही माझी आई. ती ओळ माझ्यावरच होती. मी काढली, तूही काढ.'

मनुकेनं तो पाहिल्याचं दिसलं. थोड्या वेळानं त्यांचं सगळं बोलणंच पडद्यावरून नाहीसं झालं; मनुकेनं त्याला ब्लॉक केलं होतं. यू-शेंगनं फोन खिशात टाकला आणि उरलेला डबा संपवला.

संध्याकाळी आईचा फोन आला. "शनिवारी तुला कुणी भेटायला येणार होतं ना? रोल जास्त करू?"

"तो नाही येणार, आई. पण रोल कर. सोमवारी ऑफिसात सगळ्यांना देतो."

आई म्हणाली, "सॉस वेगळा बांधू का? वास येतो."

"नको. त्यातच घाल."

मंडळी, चेहरा झाकायची वेळ कुणावरही येऊ शकते, त्यात लाज नाही. पण झाकल्या तोंडानं दुसऱ्याला हलकं लेखू नये. तो दगड कधी आपल्याच आईला लागेल, सांगता येत नाही.