ओट्यावरची पोरं

सोमवारी सकाळी संजना अंगणवाडीच्या भिंतीवरची चित्रं पुन्हा एकदा उपटत बसली होती. चिकटपट्टीबरोबर रंगाचे पोपडेही निघत होते. मदतनीस बायडाबाई हातात झाडू धरून दारात उभी होती. याच भिंतीवर दोघींनी गेल्या आठवड्यात झाडं लावली होती, त्याआधी भाज्या, त्याआधी ए फॉर ॲपल. बायडाबाईनं नुसतं विचारलं, की आता काय लावायचं, आणि संजनाला रडायचं तेवढं बाकी राहिलं.

सल्ला द्यायला कुणाचं काय जातंय हो! पिंपळगाव बसवंतच्या पलीकडे, द्राक्षबागांच्या मधोमध असलेल्या या गावात अंगणवाडीची सेविका एक आणि तिला शहाणपण शिकवणारे मात्र सतराशे साठ. पर्यवेक्षिका संध्या मॅडम म्हणायच्या, महिन्याला एक विषय घ्या, आठवड्याचं नियोजन भिंतीवर लावा, कोणत्या वेळी गाणं आणि कोणत्या वेळी गोष्ट हे ठरलेलं असू द्या. नाशिकच्या एका संस्थेतून येणारे योगेश सर म्हणायचे, असलं नियोजन म्हणजे मुलांच्या पायात बेडी. मूल काय खेळतंय ते आधी बघा, त्यातून उद्याचं ठरवा, भिंती मोकळ्या ठेवा. आणि गावातल्या आयांच्या वतीनं बोलायला लताबाई होत्याच. त्यांची नात स्नेहा इथं यायची. खेळायला घरी अंगण नाय का, असं त्या रस्त्यात अडवून विचारायच्या. स्नेहाला पुढं इंग्लिश मीडियमला घालायची होती, तेव्हा तिला शंभरपर्यंत आकडे आणि सगळी एबीसीडी लिहिता आली पाहिजे. पोर चार वर्षांची. पेन्सिल धरून तिची बोटं दुखायची, पण लताबाईंना सांगणार कोण?

मॅडम येणार म्हटलं की भिंत भरायची, सर येणार म्हटलं की रिकामी करायची, आणि लताबाई गल्लीत दिसल्या की घाईघाईनं पाट्या वाटायच्या. संजनाच्या नाकी नऊ आले होते. मुलांनी काय शिकावं हे तिला कळत नव्हतं असं नाही. तिला विचारतच कुणी नव्हतं.

या सगळ्या नियोजनात एक गोष्ट कुणी कधी लिहिली नव्हती, आणि तीच रोज न चुकता पाळली जायची. छाटणीचा हंगाम आला की पेठ-सुरगाण्याकडचे आदिवासी मजूर बागांमध्ये कामाला येतात, बागेच्या कडेला कुडाच्या खोपीत राहतात. त्यांची पोरं अंगणवाडीत यायची, पण आत नाही. गावातली मुलं आत सतरंजीवर, ही बाहेर ओट्यावर, खताच्या रिकाम्या पोत्यावर. खिचडीही बाहेरच. हे कुणी सुरू केलं कुणालाच ठाऊक नव्हतं. बायडाबाई म्हणायची, माझ्या आधीपासून असंच हाय. गावात त्यांना नावच पडलं होतं, ओट्यावरची पोरं.

त्यातच बारकू आणि भागीबाई या मजूर जोडप्याची तृप्ती होती, स्नेहाच्याच वयाची. ती उंबऱ्याला हनुवटी टेकून आतलं सगळं बघायची, आतली मुलं गाण्यावर हात हलवायची तसे बाहेरून हलवायची. कधी तिचा एक पाय आत यायचा. मग संजना जवळ जाऊन, डोक्यावरून हात फिरवून, गोड बोलून तिला परत बसवायची. गोड बोलून, बरं का! रागावून कधीच नाही.

संजना बौद्धवाड्यातली सून. तिला ही नेमणूक मिळाली तेव्हा कितीतरी दिवस गावानं पोरं पाठवलीच नव्हती. शेवटी असं ठरलं की खिचडी बायडाबाईच शिजवेल, तीच वाढेल, संजना भांड्याला हात लावणार नाही. मग हळूहळू पोरं आली. तेव्हापासून संजनानं कानाला खडा लावला होता, की आपण बरं आणि आपलं काम बरं. तिच्या आईला लहानपणी शाळेत चपलांजवळ बसवायचे. ती गोष्ट आईनं इतक्यांदा सांगितली होती की संजनाला तोंडपाठ होती. आणि तरीही रोज सकाळी ते पोतं तीच अंथरायची.

तिनं विचारलं नव्हतं असंही नाही. दबक्या आवाजात तिघांनाही विचारून झालं होतं. मॅडम म्हणाल्या, हंगाम संपला की ही मुलं जाणार. जी राहणार आहेत त्यांचं नियोजन करायचं, यांना आहार मिळतो ना, बास. सर म्हणाले, आधी आतल्या मुलांचा नमुना उभा करू, मग विस्तार. गावाला दुखवून काही होत नसतं. लताबाई म्हणाल्या, बाहेर काय ऊन लागतं का त्यांना? त्यांची बोली येगळी, आमची पोरं बिघडतील. पाहा म्हणजे! ए फॉर ॲपलवर ज्या तिघांचं कधी जमलं नाही, त्यांचं इथं मात्र एकमत.

भागीबाई तर स्वतःच हात जोडून म्हणाली, "बाई, ऱ्हाऊ द्या. भांडान करू नका. बागेत औषध फवारत्यात, पोर खोकत बसतं. हितं सावलीत तरी हाय." म्हणजे ओटा गेला की तृप्तीच्या वाट्याला बागेतलं विष. हे ऐकल्यावर संजनानं तोंड मिटलं ते मिटलंच.

मग पाहणीचा दिवस आला. मॅडम आणि सर एकाच दिवशी येणार, आयांनाही बोलावलेलं. संजनानं वैतागून अर्धी भिंत भरली आणि अर्धी रिकामी ठेवली. आल्या आल्या दोघांची सुरुवात झाली. मॅडम म्हणाल्या, आता गाण्याची वेळ आहे. सर म्हणाले, मुलांना मोकळं खेळू द्या, आपण फक्त बघू. थोडा वेळ अगदी सभ्यपणे वाद चालला आणि तोवर मुलांनी कंटाळून आपला खेळ मांडलासुद्धा.

खेळ होता अंगणवाडी-अंगणवाडी. स्नेहानं टॉवेलचा पदर घेतला आणि ती ताई झाली. तिनं बाहुल्या मांडल्या, मुलांना गोलात बसवलं, हातात झाडूची काडी घेतली. तेवढ्यात ओट्यावरून तृप्तीचा पाय आत आला, मग दुसरा. ती सरळ गोलाकडे चालत आली. तिलाही खेळायचं होतं.

स्नेहा उठली. तृप्तीजवळ जाऊन तिनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गोड आवाजात म्हणाली, "तृप्ती, शहाणी ना तू? ओट्यावर बस हं. आत जागा नाही."

तोच आवाज, तसाच हात, मान वाकडी करायची लकबही तीच. अर्धी खोली रिकामी होती. तृप्ती मुकाट्यानं मागं वळली आणि पोत्यावर जाऊन बसली.

लताबाई हसून म्हणाल्या, हुबेहूब आपली संजनाबाई. मॅडमनी मोबाइलवर फोटो काढला. सर तर खूश झाले, अनुकरणातून भाषा कशी येते ते इतर आयांना समजावू लागले. संजनाला मात्र भर सभेत कुणी थोबाडीत मारावी तसं झालं. आपल्या आईला ज्या बाईनं चपलांजवळ बसवलं, तीही कदाचित अशीच गोड बोलत असेल, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

ती उठली. ओट्यावर गेली, तृप्तीला कडेवर घेतलं, बाकीच्या पोरांना हातानं उठवून आत आणलं आणि सतरंजीवर बसवलं. पोतं गुंडाळून बाहेर फेकून दिलं. कुणाला काही कळायच्या आत हे झालं.

"तुमच्या कुणाच्या नियोजनात हे नव्हतं," ती म्हणाली. "माझ्याही नव्हतं. पण पोरं तेवढंच पक्कं शिकली. मीच शिकवलं. उद्यापासून ओट्यावर कुणी बसणार नाही."

लताबाईंचं हसू मावळलं. "नोकरी जड झाली का गं तुला?"

"नोकरी पाहिजे मला, काकू. पण या अटीवर नको."

लताबाईंनी स्नेहाच्या दंडाला धरलं आणि त्या निघाल्या. त्यांच्यामागून एकेक आई आपलं पोर घेऊन गेली. मॅडमनी संजनाला बाजूला घेऊन सांगितलं, की तक्रार वर गेली तर माझ्याकडून काही होणार नाही. सर गाडीला किल्ली लावता लावता म्हणाले, मुद्दा बरोबर आहे, वेळ चुकली. बरोबर गोष्टीची वेळ कधी येते, हे तेवढं सांगायचं राहिलं त्यांचं!

दुसऱ्या दिवशी गावातलं एकही पोर आलं नाही. आत सतरंजीवर बागेतली पोरं अंग चोरून बसली होती, आणि तृप्ती बाहेर. पोतं नव्हतं तरी ती उघड्या फरशीवर आपल्या रोजच्या जागी येऊन बसली होती. संजनानं चार वेळा बोलावलं, ती आली नाही. खिचडी झाल्यावर बायडाबाईनं पातेलं आणून संजनापुढं ठेवलं, डाव तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "आज तू वाढ."

संजना ताट घेऊन तृप्तीशेजारी बसत होती, इतक्यात गल्लीतून स्नेहा पळत आली. घरच्यांचा डोळा चुकवून आली असणार, पायात चप्पलसुद्धा नव्हती. तिनं आत डोकावून पाहिलं, सतरंजीवरच्या पोरांकडे पाहिलं, मग ओट्याकडे, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"ताई, सगळे आत बसले तर मग ओट्यावर कोण बसणार?"

लंगडीत कुणावर तरी राज्य यावंच लागतं, तितक्या साधेपणानं तिनं विचारलं होतं.

"कुणीच नाही," संजना म्हणाली.

"असं कसं?"

गल्लीच्या टोकाकडून लताबाईंची हाक आली. पुन्हा आली, या खेपेला जवळून. संजनानं ताट बायडाबाईकडे दिलं, तृप्तीला एका हाताला धरलं आणि स्नेहाला दुसऱ्या हाताला, आणि दोघींना घेऊन उंबरा ओलांडला. त्यांना सतरंजीवर बसवून ती एकटी परत दारात येऊन उभी राहिली. असं कसं, याचं उत्तर तिला आधी लताबाईंना द्यायचं होतं. मग मॅडमना, सरांना, आणि त्या पोरींना तर रोज. भिंत त्या दिवशी रिकामीच राहिली.