बारा डुकरं आणि ऑर्विन

व्हर्ना टोलेफसन डुकरांच्या संगतीतच वाढली होती. मिनेसोटातल्या वडिलांच्या शेतावर तिने कितीतरी पिल्लं बाटलीने दूध पाजून जगवली होती. हृदयविकाराच्या प्रयोगशाळेत डुकरं सांभाळायला माणूस हवं होतं, तेव्हा तिला कुणी फारसं काही न विचारताच कामावर घेतलं. त्यालाही आता चौदा वर्षं झाली होती.

डॉक्टर हेग्स्ट्रॉम डुकराला भूल देऊन त्याच्या हृदयाच्या धमनीत बारीक नळी सारत, टोकाचा फुगा फुगवत आणि आतलं अस्तर मुद्दाम दुखावत. संध्याकाळपर्यंत डुक्कर उठून खायला मागे. मग व्हर्ना त्याला सफरचंदाच्या गरात औषध कालवून भरवी. अठ्ठाविसाव्या दिवशी त्याला कायमचं झोपवत, आणि धमनीच्या चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली जात. दुखावलेली भिंत स्वतःला सांधायला जाई आणि सांधता सांधता इतकी जाड होई, की रक्ताची वाटच बुजे. त्या वर्षी नव्या औषधाने मात्र वाट मोकळी राहिली. एक ना दोन, बारा डुकरांत.

तिचा धाकटा भाऊ ऑर्विन शाळेची बस चालवायचा. मार्चमध्ये त्याच्याही धमनीत फुगा घालून झाला होता. पानगळ सुरू झाली आणि छातीत पुन्हा कळा येऊ लागल्या. सर्जन म्हणाले, आता बायपास करून घ्या.

"छाती फाडायची म्हणजे तीन महिने घरी बसणं आलं," रविवारी तिच्याकडे जेवताना तो म्हणाला. "तुझी डुकरं काय म्हणतात?"

"त्यांना गुण आलाय."

"मग मी काय त्यांच्याहून वाईट आहे?"

"खाण्यात तरी नाहीस," ती म्हणाली, आणि दोघं हसली.

एवढंच बोलणं झालं. पण ऑर्विनने बायपास लांबवली, पुन्हा एकदा फुगा घालून घेतला आणि त्या औषधाच्या माणसांवरच्या चाचणीत नाव दिलं. व्हर्नाला ते कळलं तेव्हा ती गप्प बसली. मनातून तिला बरंच वाटलं होतं.

फेब्रुवारीत एका सकाळी तो बसमध्ये स्टिअरिंगवर डोकं टेकून गेलेला सापडला. फेरी अजून सुरू व्हायची होती. शवविच्छेदनात दिसलं, की फुगा घातलेल्या जागी धमनी पुरती बुजली होती. चाचणीत काहींना नुसत्या खोट्या गोळ्या देत; त्याला मिळत होतं ते मात्र खरं औषधच होतं, हेही कळलं.

आठवड्याने ती कामावर आली आणि थेट डॉक्टरांच्या खोलीत गेली.

"डुकरांत चाललं ते त्याच्यात का नाही चाललं?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "आपली डुकरं कोवळी असतात, व्हर्ना. त्यांच्या धमन्या स्वच्छ असतात, दुखापत काय ती आपण करतो तेवढीच. ऑर्विनच्या धमनीत तीस वर्षांचं किटण होतं. ती भिंतच वेगळी."

"हे तुम्हाला आधी ठाऊक होतं?"

"शंका होती. शंका असते म्हणूनच माणसांवर चाचणी घेतात."

तिने मान हलवली. त्यांना दोष द्यावा असं तिला काही सापडेना, आणि त्यामुळेच तिला जास्त लागलं.

त्या रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात ऑर्विनची बायको आयरीन कॉफीचे कप विसळत होती. व्हर्नाने फडकं घेतलं आणि कप पुसता पुसता सगळं सांगून टाकलं. जेवताना आपण काय म्हटलं, कसं हसलो, नंतर कसं गप्प बसलो.

आयरीनने हातातला कप पुन्हा एकदा विसळला.

"त्याला बायपास नकोच होती," ती म्हणाली. "तू नसतीस, तर दुसरं काहीतरी निमित्त शोधलं असतं त्याने."

हे खरं होतं की आपल्या समाधानापुरतं म्हटलेलं, ते व्हर्नाने विचारलं नाही. आयरीनने पुढचा कप तिच्या हातात दिला. तो पुसून तिने रांगेत ठेवला.