डोळे मिटून पाचशे बारा पावलं

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालची. कोळशाची खाण बंद होऊन सहा वर्षं झाली होती आणि शहर सरकत सरकत आमच्या वस्तीच्या उंबऱ्याशी आलं होतं.

"साहेब, या खुंट्या उपटा. शाळा इथं नको," आमचे हे म्हणाले.

तरुण इंजिनिअरनं नकाशा उलगडला. "खाण तर त्या हद्दीच्या भिंतीपाशीच संपते."

"नकाशा काढणारा खाली उतरला होता का? शेवटच्या वर्षी मालकानं हद्दीपलीकडं खोदायला लावलं. खोदणारा मीच. ही जमीन पोकळ आहे."

"पुरावा?"

"आहे की. चालून दाखवतो."

वस्तीत यांना सगळे 'घूस' म्हणत. त्या दिवशी लोक चिडले होते. इतक्या वर्षांनी शाळा मिळतेय आणि हा घुशा ती घालवतोय! आमची लेक सहा वर्षांची, तिचं नाव त्याच शाळेत घालायचं होतं. माझा जीव टांगणीला लागला होता.

हे खाणीच्या बुजवलेल्या तोंडाशी गेले, कमरेत वाकले, डोळे मिटले आणि तिथं नसलेल्या भिंतीवर एक हात ठेवून चालू लागले.

"अरे, भर उन्हात कसली सोंगं करतोस?" सासूबाई ओरडल्या.

"आई, गप्प बस. मोजणी चुकेल."

ते शेजारणीच्या वाळत घातलेल्या चादरींतून आरपार गेले. एके ठिकाणी जवळजवळ रांगले. "इथं छत खाली होतं," म्हणाले. मग डावीकडं वळले. बघणारे एकेक करून त्यांच्या मागं चालू लागले. पाचशे बारा पावलांवर, खुंट्यांच्या बरोबर मधोमध, त्यांनी टाच आपटली.

"इथं भोक पाडा."

दुसऱ्या दिवशी यंत्र आलं. चाळीस फुटांवर सळई एकदम सुटली आणि भोकातून गार हवा वर आली. तो वास मी ओळखला. सात वर्षं यांच्या कपड्यांतून मी तोच धुतला होता.

इंजिनिअरनं स्वतःच्या हातानं खुंट्या उपटल्या.

शाळा दोन गल्ल्या पलीकडं, भक्कम जमिनीवर झाली. इंजिनिअर पुढं मोठा साहेब झाला, पण वस्तीत कुठलाही पाया घालताना आधी यांना बोलावणं यायचं. सासूबाई चार वर्षांनी गेल्या. "मी गप्प बसले म्हणूनच मोजणी बरोबर आली," असं त्या शेवटपर्यंत सांगत. लेक त्याच शाळेत शिकली आणि आता तिथंच मुख्याध्यापिका आहे. खुंट्या उपटलेल्या त्या जागेला कुंपण आहे, आत नुसतं गवत.

हे जाऊन तीन वर्षं झाली. शाळेचा दरवाजा चांगला दहा फूट उंच आहे. नातवाला सोडायला जायचे, तेव्हा त्या दरवाजातूनही हे वाकूनच आत जात.