हिरवा गुलाल

सकाळी साडेदहाला शालबेडिया पंचायतीच्या दारात गावठी बॉम्ब फुटला. शिपायाच्या पायाची बोटं उडाली. आत सभा सुरूच राहिली.

प्रधान, म्हणजे पंचायतीचा प्रमुख, निवडायचा होता. छत्री चिन्हाचे सदस्य पाच, होडी चिन्हाचे पाच, अकरावी अष्टमी बाउरी, अपक्ष. निकालापासून होडीवाल्यांनी तिला भातगिरणीत कोंडून ठेवलं होतं. काल छत्रीवाल्यांनी तिच्या नवऱ्याला, सनातनला, बाजारातून उचललं. आज सभेआधी पायऱ्यांवर त्यांचा पुढारी तपनदा तिच्या कानाशी लागला.

"वहिनी, हात आमच्या बाजूने वर झाला की सनातन घरी. नाहीतर श्राद्धाचा भात शिजत घाला."

"आधी माणूस दाखव."

"बाजारात वांगी घेताय का, पारखून?"

मतदानाच्या वेळी तिने छत्रीसाठी हात वर केला.

होडीवाल्यांची एक वयस्क सदस्या तिच्या अंगावर थुंकली. "आठवडाभर आमचे मासे गिळलेस, सटवे!"

"कुलूप लावून वाढलेत, काकू."

बाहेर ढाक, गळ्यातले मोठे ढोल, वाजू लागले. खिडकीतून तिला सनातन दिसला. ओठ फाटलेला, पण स्वतःच्या पायांवर उभा. छत्रीची पोरं त्याच्या केसांत, गालांवर आपल्या पक्षाचा हिरवा गुलाल चोळत होती.

"भावजी, हसा की! बायकोनं जिंकून दिलंय!"

घरची वाट होडीवाल्यांच्या पाड्यातून जाते.

"तोंड धू!" ती गजांतून ओरडली. "आधी तोंड धू, मग जा!"

ढाकांपुढे तिचा आवाज कुठे पोचणार? सनातनने तिला पाहून हात हलवला आणि घराकडे चालू लागला. ती दाराशी धावली, तर तपनदाने वाट अडवून कागद पुढे केला.

"सही राहिली, उपप्रधानबाई. ते पद तुम्हालाच दिलंय."

सही झाल्यावरच दार उघडलं.

पाड्यातल्या हापशापाशी ती पोचली तेव्हा एकजण कोयता धूत होता. सनातन चिखलात पालथा पडला होता. तिने त्याला उताणा केला. गुलाल रक्तात कालवला गेला होता.

"उचल," कोयतेवाला म्हणाला. "तुझ्या तपनदाला दाखव."

तालुक्याच्या रुग्णालयात डॉक्टरांनी रंग पुसत टाके घातले आणि दुपारी चारला जिल्ह्याला न्यायला सांगितलं. रुग्णवाहिका नदीच्या पुलावर अडकली. समोरून छत्रीवाल्यांची मिरवणूक येत होती. संध्याकाळी सहापर्यंत गाडी हलली नव्हती. सनातनचा श्वास चालू होता.