तिघांच्या हातचं पाणी

लेक नोकरीसाठी लांब गेली त्याला दीड वर्ष झालं, पण त्या खोलीला आम्ही अजून 'तिची खोली'च म्हणतो. खरं तर तिथे माझं शिलाई मशीन आलंय, दुरुस्तीला आलेल्या कपड्यांची गाठोडी आलीत, जुन्या चेनींचा डबा आलाय. तरी ह्यांचा चष्मा हरवला की मी विचारते, "तिच्या खोलीत बघितलात का?" पलंग तिचाच आहे, आणि खिडकीत तिचं झाड.

झाड म्हणजे स्नेक प्लांट. तलवारीसारखी उभी, जाड पानं, कडेला पिवळी पट्टी, ना फूल ना वास. तिने ते घरी आणलं तेव्हा मी म्हणाले होते, "त्यापेक्षा प्लास्टिकचं आणायचंस, पुसून तरी ठेवता आलं असतं." त्यावर बाईसाहेबांनी माझ्याशी अबोला धरला होता. जायच्या दिवशी मात्र तिने मला स्वयंपाकघरात गाठलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "आई, झाड तुझ्या भरवशावर. पंधरा दिवसांतून एकदा, पेलाभर पाणी. बाबांना आणि आजीला सांगू नकोस, उगाच लुडबुड करतील."

तुझ्या भरवशावर! त्या एका 'तुझ्या'वर मी दीड वर्ष काढलं.

दुसरी गोष्ट तिने दारात चपला घालताना सगळ्यांसमोर सांगितली. "दर वेळी 'कधी येतेस' असं विचारू नका हं. मग मला फोन करवत नाही." आम्ही तिघांनी, म्हणजे मी, हे आणि सासूबाईंनी, शाळेतल्या पोरांसारख्या माना डोलावल्या. आणि तेवढं मात्र पाळलं. ओठांपर्यंत आलेला प्रश्न कितीदा चहाच्या घोटाबरोबर गिळलाय, माझं मला माहीत.

विचारायचं नाही म्हटल्यावर बोलायचं काय? तर झाडाबद्दल. रविवारी फोन मशीनला टेकवून ठेवायचा, तिघांनी पलंगावर दाटीवाटीने बसायचं, आणि ती पलीकडून पहिलं वाक्य टाकणार, "माझं झाड कसंय?"

"आम्हीपण बरे आहोत हो," सासूबाई म्हणायच्या.

मग हे कुंडी उचलून फोनसमोर धरायचे. ती हसायची, इस्पितळातल्या तपासणीच्या कामाचं काहीबाही सांगायची, "चला, ठेवते" म्हणायची. पडदा काळा झाला की त्यात आमचेच तीन चेहरे दिसायचे.

मग एक पान पिवळं पडलं. मला वाटलं तहानलं असेल, म्हणून मी अर्धा पेला जास्त घातला. दुसरं पिवळं पडलं तेव्हा आणखी अर्धा. तिसरं नुसतं धूळ पुसायला धरलं तर बुडातून सुटून हातात आलं, शिजलेल्या भोपळ्यासारखं लिबलिबीत. त्या रविवारी ह्यांनी कुंडी अशी काही फिरवून धरली, की तिची बरी बाजू तेवढी फोनला दिसावी. मला नवल वाटलं. ह्यांना कधीपासून झाडाची बरी-वाईट बाजू कळायला लागली?

त्याच आठवड्यात एका दुपारी वीज गेली. मशीन थांबलं. कुणाचे तरी पडदे दुमड सोडून लांब करायला घेतले होते, ते अंगावर ओढून मी तिच्या पलंगावर आडवी झाले. उशीला अजून तिच्या तेलाचा वास येतो असं मला वाटतं. हे म्हणतात, तो मशीनच्या तेलाचा आहे.

डोळा लागतो न लागतो तोच काठी वाजली. सासूबाई आल्या, हातात औषधाच्या गोळ्यांबरोबर घेतात तो तांब्या. पडद्यांच्या ढिगात त्यांना मी कशाला दिसतेय? त्यांनी तांब्या कुंडीत उपडा केला आणि म्हणाल्या, "घे बाई. या घरात तुझी आठवण फक्त मलाच."

मी उठणार तेवढ्यात त्या गेल्यासुद्धा. आणि पाठोपाठ हे! शाळेच्या बसवर कामाला असतात, बस लावून नुकतेच आले होते, गळ्यात शिट्टी तशीच. हातात दाढीचा मग. दाराकडे एकदा बघितलं, चोरासारखं, आणि तो कुंडीवर तिरका केला.

"अहो!"

निम्मं पाणी कुंडीत, निम्मं पायावर. "कोण? तू इथे काय करतेस?"

"मी इथे काम करते. तुम्ही काय करताय?"

"काही नाही. दाढी."

"झाडाची?"

मग गडी पलंगाच्या कडेला बसला. "तिने मला सांगितलं होतं," खाली बघत म्हणाले. "जाताना बसस्टॉपवर. बाबा, फक्त तुम्हाला सांगते, म्हणाली. आई कामाच्या नादात विसरेल, आणि विसरली की आपल्यावरच चिडेल."

"मी विसरेन? दूध उतू घालवणारा माणूस मला सांगतो!"

"भांडू नका," दारातून आवाज आला. सासूबाई कधी परत आल्या होत्या कोण जाणे. "मला तर पाया पडताना कानात म्हणाली. आजी, या दोघांच्या डोक्यात काही राहत नाही, तुझ्यावर भिस्त आहे."

मला हसू येत होतं आणि रडूही, आणि थोडा रागही होता. खोटं कशाला बोलू? माझा तो एकुलता एक 'तुझ्या' असा तिघांत वाटला गेला होता.

मी शिवण शिकले ती कुणाच्या हाताखाली नाही, दुसऱ्यांचे कपडे उसवून. काय कुठे जोडलंय हे आतून बघितल्याशिवाय कळत नाही. मी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि कुंडी उलटी केली. चिखलच बाहेर आला. साचलेल्या गटारासारखा वास. मुळं तपकिरी, ओढली की भिजलेल्या कच्च्या दोऱ्यासारखी सुटत होती. चाचपून बघता बघता एक पान मात्र बुडापर्यंत कडक लागलं. माझी कापडाची कात्री मी कागदालाही लावू देत नाही. तीच घेतली आणि ते पान कापलं. चीर सुकू दिली, मग ते मोजायच्याच पेल्यात, बोटभर पाण्यात उभं केलं.

रविवार उजाडला तशी घरात खलबतं सुरू झाली.

"फोन बिघडलाय म्हणू," हे म्हणाले.

"आणि ते सांगणार कुठल्या फोनवरून?"

"मी आजारी आहे म्हणा," सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे झाडाचं विचारणार नाही."

"आई, ती तुमच्याबद्दल विचारून मग झाडाचं विचारेल."

"तसंच दुसरं विकत आणू का?" ह्यांनी पुन्हा तोंड उघडलं. आम्ही दोघींनी असं बघितलं, की ते गप्प बसले.

फोन वाजला. "माझं झाड कसंय?"

मी पेला समोर धरला. एक पान, बोटभर पाणी. सगळं सांगितलं. तांब्या, दाढीचा मग, माझा अर्धा अर्धा पेला.

"किती वेळा घालत होतात?"

"मी तू सांगितल्यासारखंच. पिवळं पडल्यावर थोडं जास्त."

"मी हल्ली जरा रोजच," हे म्हणाले.

"मला वाटलं होतं तुम्ही विसराल," ती म्हणाली. "म्हणून तिघांना सांगितलं. कुणा एकाच्या तरी लक्षात राहील."

"आम्हाला दुसरं आहे काय लक्षात ठेवायला?" सासूबाई म्हणाल्या.

पलीकडून ती दिसेनाशी झाली. फोन तिने कुठे तरी ठेवला असावा, आम्हाला नुसतं छत दिसत होतं आणि नाक ओढल्याचा आवाज येत होता. समोर दाखवायला झाड नव्हतं, म्हणून असेल, माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"कधी येतेस गं?"

ह्यांचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. छत तसंच.

"तुम्ही कुणी विचारतच नव्हतात," छतातून आवाज आला. "मला वाटलं, सवय झाली तुम्हाला."

"तूच म्हणाली होतीस ना!"

"म्हणून काय खरंच नाही विचारायचं?"

घ्या!

मग तिचा चेहरा आला, नाक लाल. "उद्या सुट्टी मागते. आजवर मागितलीच नव्हती. मिळेल की नाही सांगत नाही, पण मागते. आणि त्या पानाला मुळं फुटली तरी कुंडीत लावू नका. मी लावीन."

"तोवर पाण्यात राहील?"

"राहतं गं. पाणी तेवढं बदला. आणि कुणी तरी एकानेच बदला."

सुट्टीचं अजून काही कळलेलं नाही. तिच्या इस्पितळातल्या मोठ्या बाई 'बघते' म्हणाल्यात म्हणे. पानाला मात्र खाली पांढरा टाका घातल्यासारखं काही तरी दिसायला लागलंय. हे मूळ म्हणतात, सासूबाई म्हणतात बुरशी. पाणी बदलायचं काम सर्वानुमते सासूबाईंकडे आहे.

ह्यांनी नवी कुंडी आणली, कोरडी माती भरली आणि खिडकीत पेल्याशेजारी ठेवली. रिकामीच आहे, तिला कुणी पाणी घालायचं नाही अशी सक्त ताकीद आहे. पण कुणी घातलं तर नाही ना, हे बोट खुपसून बघायला काय हरकत आहे? काल मी तेच बघायला गेले, तर मातीत आधीच दोन भोकं होती, एक जाड बोटाचं, एक बारीक.

मी शेजारी तिसरं केलं.